काउंटरच्या काकूंच्या हातात पीएचपीमायॲडमिन, दुसरं काही सुचवा (वडोदरा, वाचनालय, बजेट जवळजवळ शून्य)

दांडियाबाजारकर | रविवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी, लांबलचक लिहितोय, चहा घेऊन बसा.

इथे वडोदऱ्यात आमचं एक जुनं मराठी वाचनालय आहे, नाव नको. मी कमिटीत आहे, म्हणजे "तुला कॉम्प्युटरचं कळतं ना" एवढ्या एका वाक्यावर मला घेतलंय. पुस्तकं साडेअकरा हजार, सभासद वहीत तेराशे, खरोखर येणारे दोनशे धरा. २०११ मध्ये कमिटीतल्या एकांच्या भाच्याने पीएचपीत छोटंसं सॉफ्टवेअर करून दिलं होतं. पुस्तक दिलं, पुस्तक आलं, दंड, वर्गणी, बस. पीसी वाचनालयातच, त्यावर झॅम्प (पीएचपी आणि डेटाबेस एकत्र बसवून देणारं पॅकेज). तेरा वर्षं चाललं, कोणी हात लावला नाही म्हणून चाललं. भाचा आता कॅनडात असतो.

मग ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचा पूर आला. त्या तीन दिवसांचं बडोदेकरांना वेगळं सांगायला नको. पाणी आत शिरायला लागलं तसे आम्ही सहा-सात जण मिळून खालच्या फळ्यांवरची पुस्तकं वर चढवत होतो, पीसी टेबलाखाली जमिनीवर होता आणि तो कोणाच्या डोक्यातच आला नाही. डिस्क उन्हात वाळवली, एकाने तांदळात ठेवा म्हणून सांगितलं तेही केलं, हसू नका. नशिबाने मार्चमधला एक डंप (डेटाबेसची फाइलमध्ये काढलेली प्रत) माझ्या पेनड्राइव्हवर होता.

तर कमिटीने ठरवलं आता सगळं ऑनलाइन, वर्षाच्या पैशात एक साधं शेअर्ड होस्टिंग (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) घेतलं, डंप चढवला, भाच्याचं सॉफ्टवेअर चढवलं आणि पान उघडलं तर पांढरंफेक, काहीच नाही. तेव्हापासून काकू (काउंटरवर बसतात, वय ६६, तल्लख बाई) सरळ पीएचपीमायॲडमिनमध्ये (ब्राउझरमधून डेटाबेसची टेबलं उघडणारं टूल) जाऊन नोंदी करतायत, मीच शिकवलं. पण त्यांना ते अवघड जातंय. ब्राउझरमधून चालणारं, सोपं, फुकट असं काय आहे? नेटवर यादी शोधली तर पंचवीस नावं येतात आणि सगळीच बेस्ट.

---

पतंगमांजा | रविवार, रात्री ११:०५

ॲडमिनर. एकच पीएचपी फाइल, पाचशे केबीच्या आत, अपलोड केली की सुरू. पीएचपीमायॲडमिनपेक्षा हलकं, मायएसक्यूएल, मारियाडीबी, पोस्टग्रेस, एसक्यूलाइट, हे सगळे डेटाबेस चालतात. आमच्या ऑफिसात पाच-सहा वर्षं तेच वापरतोय.

---

अलकापुरी_एक्सप्रेस | रविवार, रात्री ११:१९

क्लाउडबीव्हर बघ भाई. डीबीव्हर वापरलंयस ना डेस्कटॉपवरचं, त्याच लोकांचं ब्राउझरमधलं. दिसायला एकदम चकाचक, युजर बनवता येतात, कोणाला कुठलं कनेक्शन दिसावं ते ठरवता येतं. डॉकर (तयार डब्यातून सॉफ्टवेअर चालवायची सोय) असेल तर दोन मिनिटात उभं राहतं.

---

जुनाडीबीए | रविवार, रात्री ११:५०

क्लाउडबीव्हर चांगलं आहे पण जावावर चालतं, त्याला सतत चालू राहणारा स्वतःचा सर्व्हर लागतो. यांच्याकडे शेअर्ड होस्टिंग आहे, तिथे डॉकर नाही आणि जावाही नाही. नोकोडीबी, बेसरो ही एक्सेलच्या तोंडाची टूलं स्वतः बसवायची म्हटली तरी तेच. त्यातून बेसरो डेटा आपल्या स्वतःच्या पोस्टग्रेसमध्ये ठेवतं, म्हणजे आहे त्या टेबलांवर बसत नाही, सगळं आत न्यावं लागतं. पीजीॲडमिनचं नाव कोणी काढायच्या आधीच सांगतो, ते फक्त पोस्टग्रेससाठी. म्हणजे पंचवीसातली बरीच इथेच गळाली.

पांढऱ्या पानाचं कारण बहुतेक असं. २०११ च्या कोडमध्ये मायएसक्यूएलला जोडणारी जुनी फंक्शनं असणार, मायएसक्यूएल अंडरस्कोर कनेक्ट आणि त्याची भावंडं. ती पीएचपी ७ मध्ये, म्हणजे २०१५ च्या डिसेंबरात, कायमची काढून टाकली. झॅम्प जुनं होतं म्हणून चाललं, नवीन होस्टिंगवर पीएचपी नवीन, फंक्शन सापडत नाही, एरर छापणं बंद केलेलं, म्हणून पांढरं पान. होस्टिंगवाल्याची चूक नाही, भाच्याचीही नाही.

आता मुख्य प्रश्न. "अवघड जातंय" म्हणजे नक्की काय होतंय? टूल सुचवायच्या आधी हे सांगा. काकूंना काही सापडत नाही, की काकूंच्या हातून काहीतरी होतंय?

---

कमाटीबाग | सोमवार, सकाळी ८:१२

एक्सेल वापरा, दहा लाख ओळी मावतात 🙂

---

दांडियाबाजारकर | सोमवार, रात्री ९:३३

@जुनाडीबीए साहेब बरोबर नस पकडलीत. सांगतो आता खरं, काल लाज वाटली म्हणून लिहिलं नाही.

दोन आठवड्यांपूर्वी एक सभासद भगिनी आल्या, काकूंनी नावावरून शोधलं, नाव मिळेना. वर्गणी भरलेली, पावती हातात, आणि यादीत बाई नाहीतच. दुसऱ्या दिवशी आणखी एक गृहस्थ तसेच. मला फोन, "अरे माणसं गायब होतायत". मी घरून लॉगिन करून सभासदांचं टेबल उघडलं आणि खाली खाली जात बघतोय तर एका ठिकाणी नावाच्या रकान्यात ००४१२७. पत्ता बरोबर, फोन बरोबर, नाव ००४१२७. हा तर पुस्तकाचा दाखल अंक!

रविवारी मुद्दाम काउंटरवर काकूंच्या मागे उभा राहिलो. काकू सभासद शोधतात, नाव लांब असलं की पीएचपीमायॲडमिन ते कापून तीन टिंबं दाखवतं, मग पूर्ण नाव दिसावं म्हणून त्या त्यावर डबल क्लिक करतात. डबल क्लिक केलं की तो रकाना तिथल्या तिथे एडिटला उघडतो. काकूंना तेच हवं असतं, नाव दिसलं, "हां, हेच ते", आणि मग दुसऱ्या हाताने त्या पुस्तक उचलून बारकोड स्कॅनरखाली धरतात. स्कॅनर म्हणजे कॉम्प्युटरच्या दृष्टीने कीबोर्डच, आकडे टाइप करतो आणि शेवटी एंटर मारतो. कर्सर कुठे? नावात. टिंग. आणि बाई झाल्या ००४१२७.

माझ्या डोळ्यांसमोर झालं ते. काकूंना कळलंही नाही, त्या म्हणाल्या "बघ, आज कसं पटकन झालं".

---

रावपुऱ्याची | सोमवार, रात्री ९:४१

अगं बाई 😂😂 माणसाचं पुस्तक करून टाकलं

---

पतंगमांजा | सोमवार, रात्री ९:५०

बेक्कार. पण काकूंची चूक शून्य. आणि एक सांगू, ॲडमिनरमध्ये हे झालं नसतं, तिथे रकाना जागच्या जागी बदलायला कंट्रोल दाबून क्लिक करावं लागतं. पीएचपीमायॲडमिनमध्येही ते डबल क्लिकचं सेटिंगमधून बंद करता येतं, ग्रिड एडिटिंग नावाचं आहे. आजच्या आज बंद कर.

---

जुनाडीबीए | सोमवार, रात्री १०:२०

आधी नुकसान मोजा. सभासदांच्या टेबलावर क्वेरी लावा, नावात आकडा असलेल्या सगळ्या ओळी. रेगएक्सपी वापरून एका ओळीचं काम. शून्य ते नऊ इंग्रजी आकडे आणि देवनागरी आकडे दोन्ही धरा. पुस्तकाच्या नावाच्या रकान्यात असंच झालंय का तेही बघा, तिथे मात्र खरे आकडे असलेली शीर्षकं येतील, हाताने निवडावी लागतील.

बिनलॉग (डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाची नोंदवही) चालू आहे का विचारा होस्टिंगवाल्याला. मारियाडीबीत तो आपणहून चालू नसतो, मायएसक्यूएल ८ मध्ये असतो, पण शेअर्ड होस्टिंगवर तुमच्या हाती तो बहुधा देणार नाहीत. म्हणजे जुनं नाव डेटाबेसमधून परत मिळणं कठीण.

---

दांडियाबाजारकर | मंगळवार, सकाळी ७:५५

नऊ निघाले. मार्चच्या डंपात सहा जणांची खरी नावं आहेत, उरलेले तीन नंतरचे सभासद, त्यांची काकूंच्या चोपड्यात मिळाली. काकू कॉम्प्युटरवर केलेली प्रत्येक नोंद लाल चोपड्यातही लिहितात, मी त्यांना दोन वेळा सांगितलं होतं की आता गरज नाही. काही बोलत नाही आता.

आता दुसरं लफडं. जुना डंप उघडला त्यात नावं अशी दिसतायत: डोक्यावर तिरपी रेघ असलेला इंग्रजी ए, मग एक बारकं सूर्यासारखं चिन्ह, मग काहीतरी, परत ए, परत सूर्य. भाच्याच्या सॉफ्टवेअरमध्ये तर मराठी व्यवस्थित दिसायचं. होस्टिंगवर चढवतानाही असंच आलं होतं तेव्हा मी येणाऱ्या दोनशे सभासदांची नावं हाताने परत टाइप केली (हो, खरंच), पण बाकीचे अकराशे आणि पुस्तकांची नावं अजून तशीच सूर्यवंशी आहेत.

---

ग्वाल्हेरी_गजक | मंगळवार, दुपारी १:३०

ग्वाल्हेरहून. हा माझा आवडता विषय, दोन पतपेढ्या आणि एक शाळा याच रोगातून काढल्यात.

डेटा गेलेला नाही, घाबरू नका. युटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं, आणि पहिला बाइट कायम तोच, दुसरा दोनपैकी एक. लॅटिन-वनच्या (युरोपीय अक्षरांची जुनी पद्धत) चष्म्यातून वाचलं की पहिला बाइट तो तिरप्या रेघेचा ए, दुसरा एकतर तो सूर्य नाहीतर जपानी येनचं चिन्ह. म्हणून ए-सूर्य-काहीतरी अशी माळ दिसते. भाच्याचं पान युटीएफ-८ होतं पण डेटाबेसशी जोडणी लॅटिन-वन, म्हणजे जाताना चुकीचं लेबल आणि येतानाही तेच चुकीचं लेबल, दोन चुका एकमेकींना खाऊन टाकायच्या, म्हणून स्क्रीनवर मराठी. पीएचपीमायॲडमिन जोडणी बरोबर करतं, म्हणून त्याच्यात घाण दिसते. लोक टूलला शिव्या घालतात, टूल बिचारं खरं बोलतंय.

उपाय: डेटाबेसची पूर्ण कॉपी काढा, कॉपीवरच करा, मूळ टेबलावर नाही. रकाना युटीएफ-८ झालेला असेल तर आधी लॅटिन-वन करायचा, मग व्हारबायनरी (नुसते बाइट), मग तिथून व्हारचार (अक्षरं) युटीएफ-८-एमबी-४ करायचा. मधली बायनरीची पायरी महत्त्वाची, ती ओलांडून थेट कॅरेक्टर सेट बदललात तर डेटाबेस मदत करायला जाऊन घाणीचंच नीट भाषांतर करून ठेवतो. आणि तुम्ही हाताने नीट केलेली दोनशे नावं आधी वेगळी काढा, ती बरोबर आहेत, त्यांच्यावर हा प्रयोग केलात तर ती बिघडतील.

जिथे नुसती प्रश्नचिन्हं दिसत असतील तिथे मात्र खेळ खलास, तिथे बाइटच गेलेत.

अजून एक. नावाचा रकाना किती लांबीचा होता?

---

दांडियाबाजारकर | मंगळवार, दुपारी २:१०

५०

---

ग्वाल्हेरी_गजक | मंगळवार, दुपारी २:२४

मग लांब नावं कापलेली असणार. लॅटिन-वनमध्ये ५० म्हणजे ५० बाइट, तीनाने भागा, सोळा चिन्हं. चिन्हं म्हणजे अक्षरं नव्हेत, काना वेगळा, वेलांटी वेगळी, हलन्त वेगळा. "लक्ष्मीनारायण" मोजून बघा, ल, क, हलन्त, ष, हलन्त, म, वेलांटी, न, काना, र, काना, य, ण. तेरा. म्हणजे ३९ बाइट एवढ्यातच गेले, वडिलांचं नाव आणि आडनाव टाकायला जागाच नाही. जुनं मायएसक्यूएल अशा वेळी एरर न देता गुपचूप कापायचं. नवीन रकाना १५० चा तरी करा आणि कापलेली नावं चोपड्यातून भरा.

---

दांडियाबाजारकर | मंगळवार, दुपारी २:३१

तरीच! एक सभासद दर वर्षी तक्रार करायचे की तुमच्या पावतीवर माझं आडनाव कधीच पूर्ण येत नाही. आम्ही म्हणायचो प्रिंटरची कागदाची रुंदी कमी आहे. तेरा वर्षं.

---

कमाटीबाग | मंगळवार, संध्याकाळी ६:००

मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत गेलायत का कोणी आत, रॅकच्या मजल्यांवर? जमीन काचेची आहे, वरचा उजेड खाली झिरपावा म्हणून. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बोर्डन नावाचा ग्रंथपाल बोलावून घेतला होता, त्याने वर्गीकरणाची स्वतःची पद्धत बसवून दिली होती बडोद्यासाठी. आणि आपण २०२५ मध्ये सभासदाला बारकोड लावतोय.

---

इंदुरी_जिरावण | मंगळवार, संध्याकाळी ७:१५

विषयाला धरून: कोहा का नाही? वाचनालयासाठीच केलेलं आहे, फुकट, न्यूझीलंडच्या एका लायब्ररी ट्रस्टसाठी तयार झालं होतं, आतून मारियाडीबीच. देवघेव, दंड, आरक्षण सगळं आलं. टेबलात हात घालायची वेळच येत नाही.

---

दांडियाबाजारकर | मंगळवार, रात्री ९:४०

@इंदुरी_जिरावण कोहाचा विचार केला होता हो दादा, आवडलंही. पण ते पर्ल, लिनक्स, स्वतःचा सर्व्हर, आणि मग तो सर्व्हर सांभाळणारा माणूस. तो माणूस मीच असणार आणि मी उद्या गेलो तर परत भाचा-कॅनडा. कमिटीसमोर ठेवलं, अध्यक्षकाका म्हणाले पुढच्या वर्षी बघू. म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे.

@कमाटीबाग त्या काचेच्या जमिनीवरून लहानपणी चालताना भीती वाटायची, आज्जी हात धरून न्यायची.

---

जुनाडीबीए | मंगळवार, रात्री १०:४५

आता माझं मत, मग तुम्ही ठरवा.

तुम्ही "काकूंना सोपं टूल" शोधताय आणि सगळे तुम्हाला डेटाबेस ॲडमिनची टूलं सुचवतायत. पीएचपीमायॲडमिन, ॲडमिनर, क्लाउडबीव्हर, सगळी त्याच जातीची. ही टूलं टेबल बनवणाऱ्या माणसासाठी आहेत, टेबल वापरणाऱ्यासाठी नाहीत. त्यात ड्रॉपचं (टेबलच उडवायचं) बटण असणारच, ते त्यांचं कामच आहे. काकूंना सोन्याच्या तिजोरीची किल्ली देऊन आतून फक्त वाटी काढा सांगण्यासारखं झालं. डबल क्लिक बंद केलंत तरी उद्या दुसरं काही होईल.

म्हणून दोन वेगळ्या गोष्टी घ्या.

तुमच्यासाठी: होस्टिंगच्या पॅनेलमध्ये आहे तेच पीएचपीमायॲडमिन ठेवा. वाईट नाहीये ते, १९९८ पासून आहे, लोक सवयीने नावं ठेवतात. अपडेट किंवा डिलीट लिहिलंत की आधी सिम्युलेट नावाचं बटण दाबा, किती ओळींना हात लागणार ते सांगतं, १ अपेक्षित असताना १३०० दिसलं तर वेअर (कुठल्या ओळी ते सांगणारी अट) विसरलात. मोठी फाइल चढवायला गेलात की अडकतं, पण ते पीएचपीच्या अपलोड मर्यादेमुळे, न बदललेलं सेटिंग २ एमबीचं असतं, झिप करून चढवा, बरंचसं भागतं.

काकूंसाठी: ॲडमिनरचाच एक धाकटा भाऊ आहे, ॲडमिनर एडिटर. फार कमी लोकांना माहीत. तीही एकच फाइल, पण त्यात टेबल बनवणं-मोडणं नाहीच, फक्त नोंदी बघा, शोधा, भरा. आणि गंमत म्हणजे टेबलाला आणि रकान्याला तुम्ही जी कॉमेंट लिहाल तेच तो नाव म्हणून दाखवतो. म्हणजे रकान्याचं नाव एमईएम अंडरस्कोर आयडी असलं तरी कॉमेंटमध्ये "सभासद" लिहिलंत की काकूंना "सभासद" दिसतं. फॉरेन की (एका टेबलातली नोंद दुसऱ्या टेबलातल्या नोंदीशी बांधणारी खूण) असेल तर आकड्याऐवजी जोडलेल्या टेबलातलं नाव दाखवतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, टूलच्या भरवशावर राहू नका. काकूंसाठी डेटाबेसचा वेगळा युजर करा. देवघेवीच्या टेबलावर वाचणं, भरणं, बदलणं. सभासद आणि पुस्तकं फक्त वाचणं. डिलीट कुठेच नाही. मग त्यांनी कुठल्याही टूलमधून काहीही केलं, स्कॅनरने कितीही टिंग केलं, तरी नाव बदलायला गेलं की डेटाबेसच नाही म्हणणार.

---

पतंगमांजा | मंगळवार, रात्री ११:०२

एडिटरचं मलाही माहीत नव्हतं, इतकी वर्षं वापरतोय!

एक इशारा माझ्याकडून. ॲडमिनरची फाइल होस्टिंगवर उघड्यावर आणि मूळ नावाने ठेवू नकोस. बॉट (आपोआप फिरणारे प्रोग्राम) दिवसभर तेच नाव टाकून बघत असतात. ४.६.२ पर्यंतच्या व्हर्जनमध्ये एक भारी भोक होतं, चोर तुझ्या ॲडमिनरला त्याच्या स्वतःच्या मायएसक्यूएल सर्व्हरला जोडायचा, आणि तो खोटा सर्व्हर उलट तुझ्या होस्टिंगवरची फाइल मागायचा, ॲडमिनर भोळेपणाने देऊन टाकायचा. त्या फाइलमध्ये तुझा डेटाबेसचा पासवर्ड. म्हणजे चोराला तुझा पासवर्ड माहीत नसतानाही घरात प्रवेश. ४.६.३ मध्ये बुजवलं. पुढे ४.७.८ पर्यंत दुसरं एक निघालं. तर एकदम ताजं घे, आणि फोल्डरला वेगळा पासवर्ड लाव, पॅनेलमध्ये ती सोय असते.

---

अलकापुरी_एक्सप्रेस | बुधवार, सकाळी ९:२०

सभासदांचे आधार नंबर वगैरे ठेवलेत का त्यात? असतील तर आधी काढ. वाचनालयाला काय करायचेत.

---

दांडियाबाजारकर | बुधवार, सकाळी ९:४४

होते. म्हणजे २०१७ मध्ये कोणीतरी उत्साहाने एक रकाना वाढवून चारशे जणांचे भरले होते, का ते कोणालाच आठवत नाही. रकानाच उडवला. आधी त्या रकान्याशिवायचा बॅकअप घेतला, मग उडवला, जुन्या प्रतीही पुसल्या.

---

दांडियाबाजारकर | शनिवार, रात्री ११:१५

अपडेट. तीन रात्री बसलो. मराठी नीट झालं, गजकभाऊ तुमच्या पायऱ्या बरहुकूम, अकराशेच्या अकराशे नावं उघडली, घरात एकटाच टाळ्या वाजवत होतो, बायको उठून बघून गेली.

टेबलं मायआयसॅम (टेबल साठवायची जुनी पद्धत) निघाली, त्यात फॉरेन की लागतच नाही, मग इनोडीबी (नवी पद्धत) केली. फॉरेन की लावायला गेलो तर लागेना, देवघेवीत २१४ नोंदी अशा निघाल्या की ज्यांचा सभासदच अस्तित्वात नाही. कधीतरी कोणीतरी सभासद डिलीट केले, त्यांच्याकडची पुस्तकं मात्र अजून त्यांच्याकडे. एक "पूर्वीचे सभासद" नावाची ओळ करून सगळी तिच्या नावावर टाकली. त्या एका ओळीकडे सध्या २१४ पुस्तकं आहेत.

पण आता घाबरलोय. देवघेवीच्या टेबलात एक लाखाच्या वर नोंदी आहेत, आधी पीएचपीमायॲडमिन नेमका आकडा दाखवायचं. इनोडीबी केल्यापासून रोज वेगळा, काल वाढलेला, आज साडेतीनशेने कमी. नोंदी गळतायत का?

---

जुनाडीबीए | शनिवार, रात्री ११:३०

आकड्याच्या आधी एक नागमोडी रेघ आहे का बघा.

---

दांडियाबाजारकर | शनिवार, रात्री ११:३२

आहे. मला वाटलं स्क्रीनवर काही लागलंय, पुसून बघितलं.

---

जुनाडीबीए | शनिवार, रात्री ११:४०

ती रेघ म्हणजे "अंदाजे". मायआयसॅम ओळींचा आकडा लिहून ठेवतं, इनोडीबी ठेवत नाही, खरा हवा तर मोजावं लागतं. मोठ्या टेबलाला पीएचपीमायॲडमिन मोजत बसत नाही, इनोडीबीकडचा अंदाज छापतं आणि तो वरखाली होतो. काउंटची क्वेरी लिहा, नेमका आकडा येईल. झोपा आता.

---

रावपुऱ्याची | रविवार, सकाळी १०:०५

काकूंचं काय झालं ते सांगा हो, आम्ही त्याच्यासाठी धागा वाचतोय

---

दांडियाबाजारकर | रविवार, रात्री ९:५८

काकू पहिल्या दिवशी नाराज. "आधीचं मला जमायला लागलं होतं." एडिटर दिसायला साधाच आहे, पीएचपीमायॲडमिनमध्ये निदान रंग होते म्हणाल्या. पण "सभासद", "पुस्तक", "दिल्याची तारीख" असं मराठीत वाचलं तेव्हा जरा खुलल्या. एक मात्र लगेच सांगितलं, तारीख आपोआप यायला हवी, रोज काय लिहायची. रकान्याला आजची तारीख डीफॉल्ट केली.

मग मी मुद्दाम परीक्षा घेतली. कंट्रोल दाबून एका सभासदाच्या नावावर क्लिक केलं, नाव एडिटला उघडलंच नाही, त्या युजरला बदलायची परवानगीच नाही. स्कॅनर खाली धरला. टिंग. काही झालं नाही. काकू म्हणाल्या बिघडला वाटतं स्कॅनर.

तरी स्कॅनरच्या पुस्तिकेत "एंटर पाठवू नका" असा एक बारकोड होता, तो स्कॅन करून ते एंटरही बंद केलंय. त्यामुळे आता काकूंना पुस्तक स्कॅन केल्यावर स्वतः सेव्ह दाबावं लागतं. त्यावरून थोडं बोलणं खाल्लं.

बॅकअप: रोज रात्री क्रॉनने (ठरल्या वेळी आपोआप काम करणारी सोय) डंप, इनोडीबी झाल्यामुळे सिंगल ट्रान्झॅक्शनवाला, चालू असतानाही नीट निघतो. त्याची एक प्रत होस्टिंगच्या बाहेर जाते, आणि महिन्यातून एकदा मी पेनड्राइव्हवर घेऊन आमच्या घरी तिसऱ्या मजल्यावर ठेवतो. विश्वामित्री तिसऱ्या मजल्यावर आली तर मग वाचनालयाचा विचार कोण करतंय.

---

ग्वाल्हेरी_गजक | रविवार, रात्री १०:१०

डंप उलटा चढवून बघितलात का एकदा? म्हणजे रिकाम्या डेटाबेसमध्ये, मराठीसकट?

---

दांडियाबाजारकर | रविवार, रात्री १०:१२

...नाही. उद्या.

---

दांडियाबाजारकर | सोमवार, रात्री ८:४७

बघितला. मराठीसकट आला. दोन मिनिटं लागली.

लाल चोपडा चालूच आहे. काकूंना मी काही म्हटलेलं नाही, नवीन चोपडा मीच आणून दिला.